गाविलगडाची उत्तरेकडील वाट

वऱ्हाडांतील किल्ल्यांविषयीं आजपर्यंत जें लेखन झालें आहे, त्यांत शिलालेख, दरवाजे, तोफा व राजवटी यांचा विचार पुष्कळ आढळतो. किल्ल्यावर जाणाऱ्या वाटांचा विचार मात्र क्वचितच आढळतो. वाट म्हणजे किल्ल्याबाहेरील वस्तु, ती चालून संपवावयाची व मग टिपणें घेण्यास आरंभ करावयाचा, अशीच आपणां सर्वांची संवय आहे. वस्तुतः किल्ला बांधणारानें पहिला विचार वाटांचाच केलेला असतो. शत्रु कोणत्या अंगानें येईल, तोफ कोठपर्यंत चढेल, धान्य व गवत कोणत्या दारानें आंत येईल, हें ठरल्यावांचून तटाचा पहिला दगडहि बसत नाहीं. म्हणून किल्ल्याचा इतिहास लिहितांना वाट हाहि एक अस्सल कागद मानावा, व तो डोळ्यांनीं नव्हे तर पायांनीं वाचावा, असें आम्हांस वाटतें.

असा कागद अगदीं सुलभ रीतीनें वाचावयास मिळतो तो चिखलदऱ्याहून गाविलगडास जाणाऱ्या वाटेवर. अमरावतीहून परतवाड्यास व तेथून घाट चढून चिखलदऱ्यास जाणें, हा सुमारें ऐंशीं किलोमीटरांचा प्रवास आतां कोणासहि करतां येतो. चिखलदऱ्याच्या वस्तीपासून किल्ल्याचा पहिला दरवाजा दीड मैलाच्या आंतबाहेर आहे. ज्यांनीं जन्मांत डोंगर पायांखालीं घातला नाहीं, त्यांनीं आरंभ येथून करावा. गेल्या हिवाळ्यांत आम्ही ही वाट चाललों तेव्हां बरोबर सत्तरी उलटलेले एक स्नेही व दहा वर्षांचा एक मुलगा होता; दोघांपैकीं कोणासहि दम लागला नाहीं. दरवाज्यापाशीं पोंचल्यावर त्या मुलानें विचारलें, "आजोबा, किल्ला आला, पण आपण चढलों कुठें?" प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रयत्न होय.

स्थळ व नांव

पूर्णा व तापी या नद्यांच्या खोऱ्यांमध्यें सातपुड्याची जी ओळ उभी आहे तिला गाविलगडाचे डोंगर असें म्हणतात. त्यांच्या दक्षिणेस वऱ्हाडचें काळ्या जमिनीचें मैदान व उत्तरेस मेळघाटचें रान. किल्ला या ओळीच्या अगदीं दक्षिण कडेवर आहे. मैदानांत अचलपूर, म्हणजे जुन्या कागदांतील एलिचपूर, सुमारें बाराशें फूट उंचीवर आहे. गॅझेटियरांत किल्ल्याची उंची ३,५९५ फूट व चिखलदऱ्याची ३,६६४ फूट दिली आहे. हे तीन आंकडे एकापुढें एक मांडले कीं त्या मुलाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. दक्षिणेकडून येणारास किल्ला दोन हजार फुटांहून अधिक उंच आहे. उत्तरेकडून येणाराच्या तो बरोबरीस, किंबहुना किंचित् खालींच आहे.

किल्ल्याचें नांव गवळ्यांवरून पडलें, व येथें प्रथम गवळी नायकांची मातीची गढी होती, अशी परंपरा आहे. चिखलदऱ्याच्या पठारावर गवळ्यांची वस्ती अद्यापि आहे, व भोंवतालच्या रानांत कोरकू लोकांचीं गांवें आहेत. कोरकूंची भाषा मुंडा कुळांतील असून त्या कुळाची ती अगदीं पश्चिमेकडील शाखा होय. चिखलदरा हें नांव कीचकावरून पडलें, भीमानें कीचकास मारून येथील दरींत फेंकलें व भीमकुंडांत हात धुतले, असें स्थानिक लोक सांगतात. जवळच्या वैराट या उंच ठिकाणास विराटाची नगरी समजतात. असल्या कथांवर इतिहास उभारतां येत नाहीं. तथापि या पठारावर लोकांचें येणेंजाणें व गुरें चारणें फार प्राचीन काळापासून होतें, एवढी गोष्ट त्यांवरून ध्यानांत घेण्यास हरकत नाहीं. हें पठार निर्जन नव्हतें. तें मैदानांतल्या सैन्यास दुर्गम होतें. हा भेद पुढें उपयोगी पडेल.

१८०३ पूर्वींचा वृत्तान्त

दगडी किल्ला बहमनी सुलतान अहमदशाह वली यानें इ. स. १४२५ च्या सुमारास बांधला व त्याच काळांत नरनाळ्याची डागडुजी केली, असें फिरिश्ता सांगतो. तेव्हांपासून हीं दोन नांवें जोडीनेंच येतात. मराठी कागदांतहि "गाविल-नरनाळा" असा जोड उल्लेख वारंवार आढळतो. पुढें फत्तेउल्ला इमादउल्मुल्क यानें, जो विजयनगरच्या राज्यांतील ब्राह्मणाचा मुलगा असून लहानपणीं मुसलमान झाला असें फिरिश्त्याचेंच म्हणणें आहे, १४८८ च्या सुमारास किल्ला दुरुस्त केला. इमादशाही बुडून वऱ्हाड अहमदनगरकडे गेल्यावर मुर्तझा निजामशाहाच्या अमलांत बहराम बुरुजाचें काम झालें. त्यावरील लेखांत १५७७ हें साल निघतें. १५९८ सालीं किल्ला अकबराच्या सैन्याकडे आला. ऐन-इ-अकबरींत अबुल फजल यानें गाविलच्या बळकटीची वाखाणणी केली असून, किल्ल्यांतील एका झऱ्याच्या पाण्यानें पोलादी शस्त्रांस पाणी देत असत, अशी एक चमत्कारिक माहिती दिली आहे. अठराव्या शतकांत किल्ला नागपूरकर भोंसल्यांच्या हातीं आला व १८०३ पर्यंत त्यांजकडेच राहिला.

या चारशें वर्षांच्या वृत्तान्तांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. किल्ला बांधणारांचे शत्रु केवळ दक्षिणेकडीलच होते असें नाहीं. अहमदशाहाच्या वेळीं माळव्याचा सुलतान व खेरल्याचा राजा हे उत्तरेसच होते. असें असतां किल्ल्याचें खरें बळ, म्हणजे अखंड कडा, अरुंद चढ व त्यावर रोखलेले बुरुज, हें सर्व दक्षिणेस आहे. आणि उत्तरेची बाजू, जेथें जमीन किल्ल्याच्या पातळीस येऊन भिडते, ती केवळ मनुष्याच्या हातच्या तटांवर सोंपविलेली आहे. बांधणारांस हें दिसलें नसेल काय? ज्यांनीं तीन दरवाजे व एकांत एक तट रचिले त्यांस तें दिसलें नाहीं, हें संभवत नाहीं. त्यांनीं उत्तरेस दुसऱ्या एका तटावर विश्वास ठेविला होता. तो कोणता, हें १८०३ च्या हकीकतीवरून कळून येतें.

तीन दरवाजे व तीन वाटा

जनरल आर्थर वेलस्ली, जो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्यानें किल्ला घेतल्यावर लिहिलेला खलिता त्याच्या प्रसिद्ध पत्रव्यवहारांत छापलेला आहे. त्यांतील स्थलवर्णन मोजकें पण चोख आहे. त्याचा सारांश असा. किल्ल्याचे दोन भाग आहेत. आंतला किल्ला दक्षिणेस तोंड करून आहे, जेथें खडक अतिशय उभा आहे. बाहेरचा किल्ला उत्तरेस व वायव्येस आंतल्यास आच्छादून आहे, व बाहेरच्यासहि उत्तरेकडे एक तिसरा तट आहे. दरवाजे तीन. पहिला दक्षिणेचा, त्याचा चढ लांब व उभा असून तो केवळ माणसांच्या उपयोगाचा. दुसरा वायव्येचा, मैदानाशीं शिबंदीचें नेहमींचें दळणवळण त्या वाटेनें चाले, परंतु ती वाट पुष्कळ अंतरपर्यंत तटाच्या माऱ्याखालून जाते व खडक फोडून केलेली अरुंद अशी आहे. तिसरा उत्तरेचा, त्याची वाट इंग्रजी कागदांत "लबाडा" या नांवानें येणाऱ्या खेड्याकडून येते, आणि तेथील जमीन व किल्ला एकाच पातळींत आहेत.

म्हणजे तिन्ही वाटांत सोपी अशी एकच. परंतु त्या सोप्या वाटेच्या तोंडापाशीं पोंचण्यासाठीं एलिचपूराहून डोंगरांतून सुमारें तीस मैलांचा वळसा घालणें प्राप्त होतें. तेथें गाडीवाट नव्हती. तोफा नेण्याजोगा रस्ता तर नव्हताच. रान, नाले, घळी व पुन्हा रान, असे तें अंतर होतें. किल्ल्याचा उत्तरेकडील खरा तट तो हाच. दगडी तट बांधणारांनीं या रानाच्या तटाच्या भरंवशावर बांधिला होता, असें आमचें म्हणणें आहे.

डिसेंबर १८०३

१८०३ च्या नोव्हेंबरच्या २९ व्या तारखेस अकोल्याच्या बाजूस अडगांवाजवळ मोठी लढाई झाली. इंग्रजी ग्रंथांतील "आर्गाम" तें हेंच. तेथें भोंसल्यांच्या फौजेचा मोड झाला, व त्यांच्या कवाइती पायदळाचा जो भाग निसटला तो बेनीसिंग याच्या हुकमतीखालीं गाविलगडांत शिरला. वेलस्ली ५ डिसेंबरास एलिचपुरास आला. तेथें जखमींची सोय लावून त्यानें चौकशी केली, व कर्नल स्टीव्हन्सनशीं विचार करून उत्तरेकडूनच हल्ला करण्याचें ठरविलें. ७ डिसेंबरास दोन्ही फौजा एलिचपुराहून निघाल्या. स्टीव्हन्सन डोंगरांत शिरला. वेलस्लीनें दक्षिणेस राहून त्यास संरक्षण दिलें, व त्याचा तळ देवगांवीं पडला.

पुढील पांच दिवसांचें वर्णन स्वतः वेलस्लीनें केलें आहे. मोठ्या तोफा व सामान डोंगरदऱ्यांवरून सैनिकांनीं हातांनीं ओढून नेलें, व बहुतेक सर्व रस्ता त्यांनींच तयार केला. स्टीव्हन्सन १२ डिसेंबरास लबाड्यास पोंचला. त्याच रात्रीं उत्तर तटासमोर मोर्चे उभारले गेले. १३ तारखेस तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्रीं बाहेरच्या तटास पडलेलें खिंडार चढण्याजोगें झालें. १५ तारखेस सकाळीं दहा वाजतां हल्ला झाला. दक्षिणेच्या व वायव्येच्या दरवाज्यांवर वेलस्लीनें तुकड्या पाठविल्या होत्या. उत्तरेकडील हल्ल्याचा पुढारी लेफ्टनंट कर्नल केनी होता, व तो त्या कामीं झालेल्या जखमांनीं मरण पावला. बाहेरचा किल्ला हातीं आला तरी आंतल्या किल्ल्यास खिंडार नव्हतेंच. दरवाजा फोडण्याचा यत्न फसल्यावर तट चढण्याजोगी एक जागा सांपडली; कॅप्टन कॅम्पबेल ९४ व्या पलटणीच्या हलक्या पायदळासह शिड्या लावून वर गेला व त्यानें आंतून दार उघडलें. दरवाज्यांपाशीं मोठी कत्तल झाली. बेनीसिंग लढतांना पडला. कित्येक रजपुतांनीं आपल्या कुटुंबांतील स्त्रियांस मारून मग लढाईंत उडी घातली, असें तत्कालीन लेखकांनीं नमूद केलें आहे. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्या वेळीं वेलस्लीबरोबर होता. त्याचीं पत्रेंहि या मोहिमेच्या अभ्यासकास अवश्य पाहण्यासारखीं आहेत.

आतां या तारखांची बेरीज करावी. ७ पासून १२ पर्यंत रान ओलांडण्यास लागले. १३ व १४ हे दोन दिवस दगडी तट फोडण्यास लागले. व हल्ल्यास एका दिवसाचा कांहीं भाग पुरला. म्हणजे गाविलगडाचा रानाचा तट दगडी तटाच्या दुपटीहून अधिक काळ टिकला. तो तट रक्षण्यास मात्र कोणी उभें नव्हतें. तीस मैलांच्या वाटेंत शंभर निवडक माणसांनीं एखादी घळ अडवून धरली असती, तर हातांनीं ओढल्या जाणाऱ्या तोफांची काय गत झाली असती, याची कल्पना त्या डोंगरांत दोन मैल चाललेल्या कोणासहि येईल.

येथें आमच्या मुद्द्याचें मर्म आहे. गाविलगड "अवघ्या तीन दिवसांत पडला" असें सांगण्याची चाल आहे, आणि त्यावरून शिबंदी भेकड होती, किंवा किल्ला नांवाचाच बळकट होता, असें सुचविलें जातें. दोन्ही निर्णय न्याय्य नाहींत. शिबंदी भेकड नव्हती, हें वेशींत पडलेल्या प्रेतांवरून शत्रूनेंच लिहून ठेविलें आहे. किल्ला दुर्बळ नव्हता, हें वेलस्लीनें दक्षिणेकडून हल्ल्याचा नाद सोडला यावरूनच सिद्ध होतें. चूक झाली ती ही कीं, अडगांवाहून हटलेली फौज किल्ल्यांत कोंडून घेण्यांत आली. ती डोंगरांत पसरून ठेवली गेली नाहीं. पंधरा दिवसांपूर्वीं मोडलेल्या फौजेकडून रानांत तुकड्या पाडून लढण्याची अपेक्षा कितपत करावी, असा आक्षेप येथें येऊं शकेल, व तो रास्त आहे. तथापि दोषाची जागा तट नसून वाट आहे, हें त्या आक्षेपानें बदलत नाहीं.

वाट सोपी कशी झाली

किल्ला पडल्यावर दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबर १८०३ रोजीं, देवगांवचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोंसल्यांच्या हातून गेलें. परंतु गाविलगड व नरनाळा हे किल्ले, लगतच्या चार लाख उत्पन्नाच्या मुलखासह, त्यांजकडे राहिले. १८१७-१८ च्या युद्धानंतर तेहि गेले, व १८२२ च्या तहानें हा मुलूख निजामाच्या राज्यांत सामील झाला. एलिचपुरास हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तिच्यांतील कॅप्टन रॉबिन्सन यास १८२३ सालीं चिखलदऱ्याचें पठार थंड हवेचें स्थान म्हणून पसंत पडलें, असें गॅझेटियर म्हणतें. गवळी ज्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या गुरें चारीत होते त्याचा हा "शोध" होय. परंतु त्याचा परिणाम खरा होता. बंगले उठले, घाटरस्ता झाला, पुढें मोटारी आल्या. वीस वर्षांपूर्वीं ज्या अंतरासाठीं एका सैन्यास पांच दिवस राबावें लागलें तें अंतर कायमचें मोडलें गेलें, आणि किल्ल्याची सर्वांत अवघड वाट सर्वांत सोपी होऊन बसली. आजचा प्रवासी घाट मोटारीनें चढतो व लबाड्याच्या बाजूनें, सपाटीवरून, किल्ल्यांत जातो. तो स्टीव्हन्सनच्या मोर्च्यांच्या जागेपासूनच चालावयास आरंभ करतो, हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं.

आजची वाट

चालण्यास कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यांत धुकें दाट असतें व शेवाळलेल्या दगडांवरून पाय घसरतो. वैशाखांत तळीं आटतात व ऊन डोक्यावर येतें. सकाळीं लवकर निघावें, बरोबर पाणी व कांहीं खाणें घ्यावें, पायांत जाड तळाचे बूट असावे. हें रान मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरांतील आहे. १९७३-७४ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतील हा एक. म्हणून वनखात्याचे नियम आधीं विचारून घ्यावे, एकट्यानें आंत भटकूं नये, व दिवस मावळण्याच्या आंत परत फिरावें. अस्वल व बिबळ्या हे येथील रहिवासी आहेत, आपण पाहुणे आहों.

वाट साग व इतर झाडांच्या विरळ रानांतून जाते. पहिला तट दिसतो तेव्हां उभें राहून मागें वळून पाहावें. जमीन मागें सपाट, पुढेंहि सपाट. तोफेस यापेक्षां चांगली जागा कोणी देऊं शकणार नाहीं. दरवाजा ओलांडून बाहेरच्या किल्ल्यांत आलों कीं आंतला किल्ला समोर दिसतो, पण त्यापर्यंत जाण्यास मधल्या सखल भागांतून उतरून पुन्हा चढावें लागतें. आमच्या लहानग्या सोबत्यास दमल्यासारखें वाटलें तें प्रथम येथेंच. याच जागीं हल्लेखोरांस आंतल्या किल्ल्याची वाट शोधतांना अडचण पडली, असें वेलस्ली लिहितो. चाललें असतां तें वाक्य पटतें.

आंतल्या किल्ल्याच्या दिल्ली दरवाज्यावरील शिल्प सर्वांनीं पाहावें. दोन तोंडांचा गंडभेरुंड हत्तींस चोंचींत व नखांत धरून उभा आहे, व बाजूस सिंह आहेत. मेजर हेग यानें हें चिन्ह इमादउल्मुल्काच्या विजयनगरी मूळस्थानाशीं जोडलें आहे. सकाळचें तिरपें ऊन असतां हें शिल्प उत्तम दिसतें. पुढें बहराम बुरुज, तळीं, व उंचवट्यावरील जुनी मशीद. मशिदीच्या दर्शनी भागास सात कमानी आहेत. मागील भाग ढांसळला आहे. लेखांवर खडू अगर शाई फांसूं नये; अशा उत्साहानें अक्षरांची झीज किती झाली आहे हें आपणांस ठाऊकच आहे. तिरप्या उजेडांत छायाचित्र घेतलें असतां तें वाचनास पुरतें.

शेवटीं दक्षिणेच्या कडेवर जावें. येथें वाट एकाएकीं संपते व पायांखालीं दोन हजार फूट पोकळी दिसते. खालीं वऱ्हाडचें मैदान, शेतांचे चौकोन, व दूर अचलपुराच्या बाजूची वस्ती. आमचे सत्तरीचे स्नेही येथें बराच वेळ उभे राहिले व म्हणाले, "किल्ला हा आहे. आपण आलों ती त्याची पाठ." एका वाक्यांत त्यांनीं आमचा सर्व लेख सांगून टाकला.

रानासंबंधीं एक गोष्ट येथेंच सांगतों. रानपिंगळा नांवाचें लहान घुबड १८८४ नंतर कोणास दिसलें नव्हतें व तें नामशेष झालें असें पक्षिशास्त्रज्ञ धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरांत तें खानदेशांत शहाद्याजवळ पुन्हा सांपडलें, व पुढें मेळघाटांतहि दिसूं लागलें. एकशें तेरा वर्षें न दिसलेली वस्तु सातपुड्याच्या रानांत जिवंत होती. शोधणारे इतरत्र शोधीत होते. दप्तरें हुडकणारांनींहि हें स्मरणांत ठेवण्यासारखें आहे.

नरनाळ्याशीं तुलना

गाविलगड पाहिल्यावर अकोल्याच्या बाजूचा नरनाळा अवश्य पाहावा. अकोटाच्या उत्तरेस, शहानूर गांवाजवळून ही वाट चढते. किल्ल्याची उंची ३,१६१ फूट आहे. १९९७ पासून तेथें अभयारण्य आहे. येथें चालणारा मैदानांतून, म्हणजे बांधणारांस अपेक्षित होतें त्याच बाजूनें वर जातो, व एकामागून एक दरवाजे ओलांडीत महाकाली दरवाज्यापर्यंत येतो. त्यावरील लेखांत १४८७ हें साल निघतें. या दरवाज्याची कोरीव शोभा येणाऱ्याचा मान राखण्यासाठीं व त्यास वचक बसविण्यासाठीं आहे. वर येतांना थकलेल्या माणसासच तिचा अर्थ कळतो. गाविलगडीं आपण मागील अंगानें शिरतों म्हणून तो अनुभव येत नाहीं. जोडीनें बांधलेले हे दोन किल्ले जोडीनें चालले असतां एकाचें तोंड व दुसऱ्याची पाठ दिसते, आणि दोन्हींची रचना समजते. वाटेंत अडगांवची रणभूमि आडवाटेस नाहीं. तीहि पाहून घ्यावी.

उपसंहार

लायल याचें १८७० चें वऱ्हाड गॅझेटियर, हेगचा १९०७ चा ग्रंथ, १९११ चें अमरावती गॅझेटियर व यादव माधव काळे यांचा १९२४ चा वऱ्हाडचा इतिहास, एवढी सामग्री अभ्यासकाच्या हाताशीं आहे. १८०३ च्या मोहिमेविषयीं मात्र आपण बहुतांशीं एका पक्षाच्याच कागदांवर विसंबून आहों. स्टीव्हन्सनच्या फौजेस रानांतून वाट कोणी दाखविली, बैल व वैरण कोठून आली, कोणत्या गांवच्या लोकांस वेठीस धरलें, डोंगरांतील कोणास इनाम मिळालें व कोणाचें वतन गेलें, या प्रश्नांचीं उत्तरें खलित्यांत मिळत नाहींत. तीं मिळालीं तर अचलपूर, अंजनगांव, अकोट, दर्यापूर या बाजूंच्या देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतच मिळतील, आणि तींहि राजकारणाच्या पत्रांत नव्हे, तर वैरणीच्या यादींत, बैलांच्या हिशेबांत, जकातीच्या व रखवालीच्या कागदांत मिळतील. असले कागद संग्राहक सामान्यतः बाजूस सारतात. कारण त्यांत कोणाचेंहि मोठें नांव नसतें. शके १७२५ व १७२६ या दोन सालांचे असे जे कागद ज्यांच्या संग्रहांत असतील, त्यांनीं ते निदान एकवार या दृष्टीनें चाळावे व त्यांची नक्कल संशोधन मंडळाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे.

दुसरी विनंति याहून सोपी आहे. आपल्या जवळच्या किल्ल्यावर जाणाऱ्या जितक्या वाटा असतील तितक्या एकदां चालून, प्रत्येकीचें अंतर, चढ, पाण्याची जागा व नांव टिपून ठेवावें. जुन्या वाटा दरवर्षीं बुजत आहेत, व नव्या रस्त्यांमुळें किल्ल्यांचीं तोंडें फिरत आहेत. गाविलगडाच्या दक्षिण दरवाज्यापासून मैदानांत उतरणारी व वायव्येची अशा दोन्ही पायवाटा माहीतगार कोरकू अगर गवळी वाटाड्या घेऊन मोजण्याचा आमचा पुढील हिवाळ्यांत विचार आहे. ज्यांस बरोबर यावयाचें असेल त्यांनीं आधीं उत्तरेची सोपी वाट चालून घ्यावी.